पुढच्या सीटखालची दोन भोकं

दाजींनी माझ्या कामाला नावं ठेवली नसती, तर मी त्या बोटीच्या वाटेला पुन्हा गेलोच नसतो. बोट त्यांची, हौस त्यांची. माझं दुकान गाड्यांच्या स्टिरिओचं. वीस वर्षं मी लोकांच्या डिक्क्यांत डोकं घालून बसलोय. मेहुणा म्हणून त्यांनी हक्काने पुढच्या सीटखाली सबवूफर बसवून घेतला आणि पहिल्याच फेरीनंतर ताईसमोर, माझ्या सात वर्षांच्या चिमणीसमोर म्हणाले, "साउंडशेठ, हा सबवूफर आहे की पत्र्याचा डबा?" सगळ्यांत जास्त चिमणी हसली. मीही हसलो, पण अंगाचा तिळपापड झाला.

खरं तर ते बरोबर बोलत होते, आणि तेच जास्त झोंबलं. स्पीकरचा पडदा हवा जेवढी पुढे ढकलतो तेवढीच मागेही ढकलतो. मागचा आवाज फटींतून पुढे आला की दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरते नुसती थडथड. गाडीत हे मी डोळे मिटून दुरुस्त करतो. फट दिसली की बुजवायची. बोटीतही तेच केलं. दोन दिवस ओणवा होऊन सीटखालच्या पोकळीची एकेक फट सिलिकॉनने बंद केली. पोकळीच्या मागच्या फळीत, अगदी तळाला, अंगठा जाईल एवढी दोन भोकं होती. वायरींसाठी ठेवली असतील आणि मग राहून गेली असतील, असं धरून चाललो. त्यांत फोम भरला, वरून सिलिकॉन थापलं. सीटचं झाकण खडखडायचं, ते बारा स्क्रूंनी आवळून टाकलं. मग गाणं लावलं. आवाज तळपायांतून वर चढला आणि थेट पोटात शिरला. बघायला कोणी नव्हतं, तरी मी मिशीला पीळ दिला.

रविवारी सकाळी दहाला दाजी, ताई आणि चिमणी बोट घेऊन तलावात गेले. मी मुद्दाम धक्क्यावर थांबलो. आपलं काम लांबून कसं वाजतं ते ऐकायचं होतं. ऐकलंही. बोट बोटाएवढी दिसायला लागली तरी ठोका पाण्यावरून स्वच्छ येत होता. अडीच तास मी तिथे नवरदेवासारखा मिरवत बसलो.

साडेबाराला इंजिनवाला मिस्त्री हात पुसत शेजारी आला. धक्क्यावरच्या सगळ्या बोटींची नाडी त्याच्या हातात.

"गळती छान काढलीत हो तुम्ही," तो म्हणाला.

"कसली गळती?"

"दाजींच्या बोटीची. पुढे दोर बांधायची कडी आहे ना, तिच्या बोल्टातून पाणी आत येतं. वेग घेतला की जास्तच. दोन महिने सांगतोय, बोल्ट बदलून घ्या. त्यांचं आपलं एकच, पंप आहे की. पुढचं पाणी तळाच्या भोकांतून मागे जातं, मागे पंप ते बाहेर टाकतो. दर पाच-दहा मिनिटांनी बाजूने धार पडायची. आज दोनदा समोरून गेले, धार दिसली नाही. म्हटलं, मेहुण्याने दुरुस्त केलं वाटतं."

मिस्त्रीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मी बोलून टाकलं, की भोकं मी बुजवली. परक्या माणसाला सांगायला मुळीच जड गेलं नाही.

मिस्त्री वैतागला नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. "अडीच तासांचं पाणी पुढे साचलंय," तो म्हणाला. "हळू आले तर येतील. पण जोरात निघाले तर नाक खाली जाईल आणि बोट पुढूनच पाणी प्यायला लागेल. फोन लावा." त्याच्या स्वतःच्या बोटीचं इंजिन सुटं होऊन टेबलावर पडलं होतं. तो बचाव पथकाला फोन लावायला लागला. त्यांची बोट दुसऱ्या काठाला होती, यायला अर्धा तास.

मी दाजींना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पाण्यावरून माझा सबवूफर ठोके देत होता, आणि त्या ठोक्यांत त्यांना रिंग कुठून ऐकू येणार? सात वेळा लावला. स्वतःच्या कामाचा एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता.

मग आवाज थांबला. एकदम, गाण्याच्या मध्येच. ॲम्प्लिफायर मी त्याच पोकळीत, भिंतीला वीतभर उंचीवर बसवला होता. पाणी तिथवर पोचलं होतं.

लगेच माझा फोन वाजला. "साउंडशेठ, तुझा डबा मेला," दाजी म्हणाले. फोन स्पीकरवर होता; ताईचं हसू ऐकू आलं. "ही चिमणी बसलीये कान लावून. सांग तिला, काय झालं तुझ्या डब्याला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द तोंडात होते. मी म्हणालो, "दाजी, तुमची गळती वाढली असेल. पंप बघा जरा. आणि सावकाश या."

ते मागे गेले, फळी उचलल्याचा आवाज आला. "अरे, मागे थेंब नाही. कोरडं ठणठणीत आहे. उगाच बायकामुलांना घाबरवू नकोस. निघालोच आम्ही, पाच मिनिटांत पोचतो." फोन बंद.

मागे कोरडंच असणार होतं. माझ्या अर्ध्यामुर्ध्या बोलण्याने मी त्यांना नेमकं नको तिथे बघायला लावलं होतं. लांबून इंजिनचा आवाज चढला. मिस्त्री डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "नाक वर येत नाहीये."

मी फोन लावला. चिमणीने उचलला.

"बाबा, आतोबा चिडलेत तुझ्यावर."

"चिमणे, त्यांना ओरडून सांग, इंजिन कमी करा."

तिने सांगितलं. इंजिन तसंच. "ते म्हणतात, का?"

"सांग, बाबाने पुढच्या सीटखालची पाणी जायची भोकं बुजवलीत. पुढे पाणी साचलंय. चूक बाबाची आहे."

क्षणभर नुसता वारा ऐकू आला. मग ती शाळेत पाठ म्हणून दाखवावा तशी ओरडली, "बाबाने पाणी जायची भोकं बुजवलीत. पुढे पाणी साचलंय. चूक बाबाची आहे."

इंजिनचा आवाज पडला. पण त्यांच्याच बोटीने उठवलेली लाट मागून येऊन नाक खाली गेलं असणार, कारण ताई किंचाळली. "बाबा, पुढून पाणी आलं आत," चिमणी म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता.

"तू आणि आत्या अगदी मागे बसा. जॅकेट घातलंय?"

"हो."

"आत्याने?"

"आत्या त्याच्यावर बसलीये."

"तिला घालायला सांग. आणि आतोबांना सांग, सीटचं झाकण उघडा."

"उघडत नाहीये, म्हणतात."

बारा स्क्रू. "उघडू नका, फोडा म्हणावं. नांगर घ्या आणि फोडा."

लाकडावर लोखंड आपटायला लागलं. मी घाव मोजत होतो. सहाव्याला फळी फाटली. मग दाजींचा आवाज आला, धापा टाकत, लांबून. "भोकं कुठे?" त्यात थट्टेचा लवलेश नव्हता.

"मागच्या फळीत, तळाला, मधोमध. नांगराचं टोक घाला."

बराच वेळ नुसती खळबळ ऐकू येत होती. मग मिस्त्रीने माझ्या हातातला फोन ओढून घेतला. "फुटलं? आता तुम्हीही मागे या. तिघंही मागे बसा, पाणी मागे उतरू द्या." तो थांबला. मीही थांबलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

"धार पडली," मिस्त्री म्हणाला, आणि त्याने फोन माझ्या हातात परत दिला.

बचाव पथकाची बोट त्यांच्या बाजूबाजूने आली. धक्क्याला लागायला पाऊण तास गेला. दाजींचा हात कोपरापर्यंत सोलवटला होता. ते माझ्याकडे बघून इतकंच म्हणाले, "कडीचा बोल्ट मी बदलायला हवा होता." चिमणीला मी उचलायला गेलो, तर ती स्वतःच उतरली आणि जॅकेटसकट माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, आतोबांनी पहिला फोन केला तेव्हा तुला माहीत होतं?"

ताई, दाजी, मिस्त्री, सगळे उभे होते.

"हो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू ऐकत होतीस म्हणून," मी म्हणालो.

मग तिने जॅकेटचं बक्कल सोडायला सुरुवात केली. ते तिला सुटत नव्हतं, तरी तिने मला हात लावू दिला नाही.