घंटी आणि इंदुबाईचे अर्धे वाक्य

मी एक जुनी पितळी घंटी आहे, पण देवळातली नव्हे, मित्रांनो. उगाच हात जोडू नका. यवतमाळकडच्या एका ओताऱ्याने शेळीच्या गळ्यात बांधायला मला घडवले. पुढे शेळी विकली गेली आणि माझा मालक उत्तरेश्वर पुण्याला एका कारखान्यात नोकरी धरायला निघाला. त्याच्या पत्र्याच्या पेटीतून मीही पुण्याजवळच्या धायरीत आले.

धायरी तेव्हा खेडेच होते. एका खोलीत उत्तरेश्वर, त्याची बायको इंदुबाई, आईवडील आणि दोन भाऊ. नवराबायकोला दोन शब्द बोलायला जागा नव्हती. म्हणून सुटीच्या आदल्या रात्री उत्तरेश्वर खडकवासल्याच्या काठी मासे धरायला निघाला, की इंदुबाईही भाकरी बांधून मागोमाग निघे. तिला माशांचे काडीचे कौतुक नव्हते. तिला बोलायचे होते.

आणि तिथेच तर घोडे पेंड खाई! दिवसा खोल पाण्यात दडलेला मासा अंधारात चारा शोधत अगदी काठाला येतो. पाय आपटला, बत्ती लावली, मोठ्याने बोलले, की पसार. म्हणून उत्तरेश्वर गळ काठाजवळच टाकी, काठी चिखलात रोवी, शेंड्याला मला बांधी आणि बायकोला म्हणे, "चूप राह्य इंदे, मासा जवळ आला." माशाने दोरी ओढली की मी वाजायचे. अंधारात उत्तरेश्वरचे डोळे म्हणजे मीच, आणि याचा मला भारी तोरा होता.

एके रात्री इंदुबाईने धीर केला. (आमच्याकडे बायकाही 'म्हणतो'च म्हणतात.) "मी काय म्हणतो जी, तो शिवणाचा..."

एवढ्यात मी खणखणले. हातभर लांब, मिशाळ शिंगाळा मासा! दुसऱ्या दिवशी आळीभर वाहवा झाली. उत्तरेश्वरने चिंचेने घासून मला लखलखीत केले. इंदुबाईचे वाक्य मात्र अर्धेच राहिले.

नव्वद साल उलटल्यावर कारखाना बंद पडला. शहरात संगणकाच्या कंपन्या आल्या आणि उत्तरेश्वर त्यातल्या एका काचेच्या इमारतीवर पहारेकरी झाला, तोही रात्रपाळीचा. सकाळी तो घरी येई, तेव्हा इंदुबाई लोकांच्या पोळ्या लाटायला गेलेली असे. मी खिळ्यावर काळी पडत गेले. शेतांच्या जागी इमारती उठल्या, खोलीतली माणसे पांगली, बोलायला हवी तेवढी जागा झाली. पण दोघांची बोलायची सवयच मोडली होती.

नोकरी संपली त्या आठवड्यात उत्तरेश्वरने मला खाली काढले. दोघे पुन्हा त्याच काठावर बसले. गळ टाकून झाल्यावर तो म्हणाला, "इंदे, त्या शिंगाळ्याच्या रात्री तू काय म्हणत होतीस?"

ती पाण्याकडे पाहत म्हणाली, "शिवणाचा क्लास लावू का, म्हणून विचारत होतो."

"मंग आता लाव ना."

"आता सुईत दोरा नाही जात जी. दिसतच नाही."

तेवढ्यात दोरी ओढली गेली आणि मी वाजले. जुन्या सवयीने इंदुबाई गप्प झाली. उत्तरेश्वरने चटकन मला मुठीत दाबले. "जाऊ दे त्याले. तू बोल."

तिने फडक्यातली भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढे धरली. मुठीत मी थरथरत होते. थोड्या वेळाने दोरी सैल पडली.

मित्रांनो, मला आता कुणी घासत नाही, त्याचे दुःख नाही. पितळ काय, केव्हाही चिंचेने उजळते. पण कुणी जवळ येऊन बोलू लागले, तर माझ्यासारख्या कितीही घंट्या वाजू देत. आधी त्याचे वाक्य पुरे होऊ द्या.