ला लांदच्या शेतातले गिरमिट

मी एक जुने गिरमिट आहे. मित्रांनो, गिरमिट म्हटले की तुम्हाला सुतार आठवेल, पण लाकडाशी माझा संबंध फक्त मुठीपुरता. मी मातीचे गिरमिट. मला शेतात उभे करायचे आणि दोन्ही हातांनी मूठ फिरवायची, की मी गरगरत जमिनीत उतरतो आणि पोटात माती भरून वर येतो. वरची काळपट, खालची तपकिरी, त्याखालची पिवळी, जशी असेल तशी. जमिनीच्या पोटातले तिला न फाडता सांगावे ते मीच. ही थोडी बढाई झाली, पण म्हाताऱ्याला एवढी माफ असावी.

माझा जन्म फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या केर्लान गावी, लोहाराच्या भट्टीत झाला. टेकडीवर तेव्हा शेती आणि पर्यावरणाचे महाविद्यालय नुकतेच उभे राहिले होते. तिथल्या मास्तरांनी खास सांगून मला घडवून घेतले. लोहाराने मला तापवले, पिळले, ठोकले आणि पाण्यात असे बुडवले की काही विचारू नका.

दर सप्टेंबरला नवी मुले येत, नव्या कोऱ्या बुटांत. पहिला धडा ठरलेला असे. मी काढलेली माती तळहातावर घ्यायची, तिच्यावर थुंकायचे आणि मळून वळी करायची. पॅरिसहून आलेली पोरे तोंडे वाकडी करत. पण वळी झालीच नाही तर माती वाळूची, वळीचे कडे वळता आले तर चिकण, आणि वळी होऊन कडे मोडले तर ती गव्हाची माती, हे एकदा कळले की तीच पोरे थुंकण्यात एकमेकांशी पैजा लावत. दुपारी बांधावर बसून कुट्टूच्या करड्या पिठाची घावने खात, तेव्हा मी मध्ये जमिनीत रोवलेला असे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग मोटरवर चालणारे यंत्र आले. चाकांच्या गाड्यावर बसवलेले, घरघर करून क्षणात भोक पाडणारे. मला प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगले आणि खाली ‘ऐतिहासिक’ अशी पितळी पाटी लावली. मुले माझ्या मुठीवर ओले रेनकोट अडकवू लागली. मित्रांनो, इतिहासात जाणे म्हणजे खुंटी होणे, हे मला तेव्हा समजले. फार वाईट वाटले.

अशी कित्येक वर्षे गेली. मग एका नोव्हेंबरात महाविद्यालयाला गाड्या लावायला जागा हवी झाली. सर्वांची नजर ला लांद या शेतावर गेली. पण आमच्याकडे एक नियम होता : चांगल्या मातीवर बांधकाम करायचे नाही. म्हणून शेताची माती तपासायचे काम मुलांच्या एका गटाला परीक्षेचा भाग म्हणून दिले. त्या गटात एनोरा नावाची मुलगी होती आणि तिचा मित्र तितुआन. दोघांनी यंत्राने भोके पाडली, अहवाल देऊन टाकला, आणि दुपारी मातीचे नमुने माझ्या खालच्या टेबलावर मांडले.

“सगळीकडे हातभरावर दगड,” तितुआन म्हणाला. “गाड्या लावायला याहून झकास जागा नाही. चल, कॉफी घेऊ.”

एनोरा एक लाल कपची निरखत होती. “ए, ही वीट आहे.”

“मग?”

“मग खडकात वीट कुठून आली?”

“फेकली असेल कुणीतरी. तू ना, घावनातसुद्धा खडा शोधशील!”

“आपण भोकं कुठे पाडली, सांग बरं?”

“जिथं गाडा रुतत नव्हता तिथं. बाकी सगळा राडाच होता की. तूच तर ढकलत होतीस...” बोलता बोलता तितुआनने ती कपची तिच्या हातून घेतली.

मी भिंतीवर तळमळत होतो. मला सगळे ठाऊक होते! माझ्या तरुणपणी ला लांदमधून घोडागाडीचा रस्ता जात असे. पुढे लहान शेते एक करताना कुंपणाची झुडपे उपटली आणि रस्त्याच्या खडी-विटांवर तशीच माती ओढली. यंत्राला उभे राहायला टणक जागा लागते, म्हणून ते नेमके त्या पुरलेल्या रस्त्यावरून चालले. पण मला तोंड कुठे होते?

तेवढ्यात माती शिकवणाऱ्या मोर्वां मॅडम आत आल्या. एनोराने सगळे सांगितले.

“अहवाल दिलात ना? मग गुण त्याचेच मिळतील,” मॅडम म्हणाल्या.

“गुणांचं राहू द्या, मॅडम. शेताचं काय?”

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिले. “सभा उद्या सकाळी आहे. आणि अजून उजेड आहे.”

एनोराने माझ्यावरचे रेनकोट काढून फेकले आणि मला खाली उतरवले.

“हे?” तितुआन ओरडला. “अगं, हे माझ्या आजोबांपेक्षा म्हातारं आहे!”

“याला चाकं नाहीत. म्हणूनच नेतेय.”

ला लांदमध्ये घोट्याच्या वर चिखल होता. पुरलेल्या रस्त्याची टणक पट्टी सोडून दोघे आत शिरली आणि एनोराने मूठ फिरवली. मी उतरलो. उतरतच गेलो, थेट मुठीपर्यंत! वर आलो तेव्हा पोटात तपकिरी, भुसभुशीत माती होती आणि तिच्यात एक गांडूळ वळवळत होते. मला रडता येत असते तर मी तेव्हा रडलो असतो. एनोरा तळहातावर थुंकली. वळी झाली, कडे मोडले.

“गव्हाची!” तितुआन किंचाळला. मग इकडे, तिकडे, पट्टीच्या दोन्ही बाजूंना, सगळीकडे तीच माती.

“आता पट्टीवरही बघू,” एनोरा म्हणाली. “दोन्ही दाखवायला हवं.” तितुआनने सगळा भार टाकला. मी विटांवर आदळलो आणि माझे टोक कट्‌कन मोडले.

“अरेरे! म्हाताऱ्याचा दात पडला,” तितुआन हळहळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एनोराने मला चिखलासकट सभेच्या टेबलावर ठेवले आणि शेजारी पन्हळीत मांडलेली माती.

“तुमच्याच अहवालात तर दगड लिहिलाय,” संचालक म्हणाले.

“चूक लिहिलाय, सर. आम्ही टणक जागा शोधून शोधून भोकं पाडली आणि मग म्हटलं, जमीन टणक आहे.”

कोणीतरी हसले. संचालक मात्र हसले नाहीत. त्यांनी चिमूटभर माती बोटांत चोळली. “मग गाड्या कुठे लावायच्या?”

“आपल्या मागच्या खडीच्या अंगणात,” मोर्वां मॅडम म्हणाल्या.

तिथे प्राध्यापक मंडळी जेवणानंतर लोखंडी गोळ्यांचा खेळ खेळत. “आणि आम्ही खेळायचं कुठे?” असा एकच गलका झाला. पण संचालकांनी बोटांवरच्या मातीकडे पाहत शेत राखायचे ठरवले.

अहवालाला वीसपैकी आठ गुण मिळाले. “शेत वाचवलं आणि आठ?” तितुआन मॅडमवर उखडला.

“शेत नंतर वाचवलंत. अहवाल आधी दिलात,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. एनोरा मात्र हसत होती.

मित्रांनो, मला घडवणारा लोहार आता नाही आणि माझे टोक पुन्हा बसायचे नाही. माझे जमिनीत उतरायचे तेवढे उतरून झाले. तुमच्याकडे एकच मागणे आहे. जुन्या अवजारांना टांगून विसरू नका, आणि जमिनीचा निकाल कोरड्या जागी उभे राहून देऊ नका. तिला स्वतःची बाजू मांडता येत नाही. तिच्यासाठी कोणालातरी चिखलात उतरावे लागते.

ला लांदमध्ये यंदा गहू पेरला आहे. पुरलेल्या रस्त्यावर तो खुरटा आहे, आणि दोन्ही बाजूंना कमरेइतका उंच.