दोघांची खोली

अम्मी एकदा नाही म्हणाली की नाहीच, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. पण उमऱ्याच्या हॉटेलावरून ती अशी हटून बसेल, असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पासपोर्ट आले होते, व्हिसाचं होत आलं होतं, मक्केत राहायचं कुठे तेवढं ठरवायचं होतं. तेवढ्यासाठी ती, अब्बा, मुलगा आणि मुलगी अशी चौघं टूरवाल्याच्या ऑफिसात येऊन बसली होती. चहा पिऊन झाला, कप वाळले, तरी घोडं तिथेच अडलेलं.

टूरवाल्यानं कॉम्प्युटरचा पडदा पुन्हा त्यांच्याकडे फिरवला. भला माणूस, अजून वैतागला नव्हता.

"हे बघा चाची, हे जवळचं. लिफ्टनं खाली उतरलात की समोरच हरमचं, काबेच्या मशिदीचं अंगण. अजान ऐकली की चपला घालायच्या आणि निघायचं. फक्त इथे दोघांच्या खोल्या कधीच भरल्या. चार बायका एका खोलीत, चार पुरुष दुसऱ्या मजल्यावर. आणि हे लांबचं. इथे दोघांची खोली आहे. पण बस धरायची, ती गर्दीत अडकणार, पुढे पायी जायचं. वयस्कर माणसांना मी आपणहून हे दाखवतसुद्धा नाही."

"लांबचं द्या," अम्मी म्हणाली.

"अगं पण का?" मुलीनं कपाळाला हात लावला. ती शाळेत शिकवायची, एकच गोष्ट दहादा समजावून सांगायची तिला सवय होती. "अब्बांच्या गुडघ्यांचा तरी विचार कर. घरातला जिना उतरताना भिंत धरतात ते."

"मला परक्या बायकांत झोप येत नाही."

"घ्या! लग्नघरी वीस बायकांच्या मधोमध सतरंजीवर आडवी होतेस आणि सगळ्यांच्या आधी तूच घोरतेस."

टूरवाला की-बोर्डकडे बघून हसला. अम्मीचे कान तापले. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. शिवणाच्या कामात एक टाका चुकला तरी गिऱ्हाइकाला आपणहून सांगणारी बाई ती. आणि आता अल्लाहच्या घरी जायला निघाली होती, ते थापा मारत!

"ह्यांची औषधं मी बघते," तिनं दुसरी थाप शोधली.

"डबीत घालून दे. सकाळची, रात्रीची. अब्बा काय लहान आहेत?" मुलगा म्हणाला. "अम्मी, खरं सांग, या वयात तुम्हाला दोघांची खोली कशाला हवीय? लोक हसतील."

हसू देत मेले, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खरं कारण सांगायची सोय नव्हती.

अब्बांना विसरायला व्हायचं. चष्मा कुठे ठेवला, असलं विसरणं नाही. मागच्या वर्षी दुपारी झोपून उठले आणि घाबऱ्याघुबऱ्या नजरेनं भिंतींकडे बघायला लागले. जन्मभर वायरमनचं काम केलेला माणूस. त्या घरातली वायर न वायर त्यांनी स्वतःच्या हातानं ओढलेली, आणि दिव्याचं बटण कुठे आहे ते त्यांना कळेना. मग त्यांची नजर अम्मीवर पडली. "उठलात? चहा ठेवू?" ती म्हणाली, आणि त्यांचा चेहरा हळूहळू निवळला. तेव्हापासून असं अधूनमधून व्हायचं, नेमकं झोपेतून उठल्यावर. ती मग डोळ्यांत तेल घालून राहायची. ते जागे व्हायच्या आत त्यांच्या समोर जाऊन बसायची आणि काहीतरी बडबडायची. तिनं कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. अब्बांनासुद्धा नाही. त्यांना वाटत असेल झोपेची गुंगी, तर वाटू दे.

आता त्या माणसाला तीन परक्या पुरुषांबरोबर दुसऱ्या मजल्यावर झोपवायचं? उठले की कोणाच्या तोंडाकडे बघणार? घाबरून दार उघडून बाहेर पडले, त्या लाखोंच्या गर्दीत गेले, तर कोण शोधणार? आणि हे मुलांना सांगावं, तर मुलगा त्याच क्षणी जाणं रद्द करणार. आयुष्यभर या माणसानं उमऱ्याशिवाय दुसरं काही मागितलं नव्हतं. म्हणून तिनं तोंडाला कुलूप लावलं होतं.

"आता मात्र हद्द झाली," मुलगा उठून उभा राहिला. "अब्बांना उन्हातून तंगडतोड करायला लावणार, का, तर तुला झोप येत नाही! इबादतीला चाललीयस की सहलीला?"

अम्मीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"खाली बस," अब्बा म्हणाले. इतका वेळ ते काठीवर हात ठेवून पडद्यावरच्या खोल्या बघत बसले होते. "आईशी असं बोलतात? ती माझ्यासाठी भांडतेय. मला विसरायला होतं. झोपून उठलो की कुठे आहे तेच कळत नाही. ही समोर दिसली की मग कळतं. तीन परक्या माणसांत उठलो, तर मला कोण सांगणार?"

अम्मीनं पदर खाली घेतला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आपलं डोकं कसं चाललंय ते माणसाला कळतं गं."

"आणि मला सांगितलं नाहीत!" ती एकदम कडाडली. टूरवाला, ऑफिस, मुलं, सगळं विसरून. "वर्षभर मी एकटी जीव मुठीत घेऊन बसलेय! रोज तुमच्या आधी उठायचं, कोणाला कळू द्यायचं नाही, आणि तुम्ही मजा बघत होतात?"

"तू घाबरली असतीस."

"अहो, मग मी काय आनंदानं नाचत होते?"

मुलगी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. अब्बांनी हात पुढे करून अम्मीच्या हातावर ठेवला. तिनं तो झटकला, मग स्वतःच परत धरला.

मुलगा अजून उभाच होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "असं असेल तर जायचंच कशाला आत्ता?" तो कसाबसा म्हणाला. "आधी डॉक्टरला दाखवू. औषध घ्या, बरं वाटू दे. पुढच्या वर्षी जाऊ. मी येईन बरोबर."

अम्मीनं डोळे मिटून घेतले. हेच, अगदी हेच ऐकायला लागू नये म्हणून तिनं एवढा खटाटोप केला होता.

"डॉक्टरला दाखवू," अब्बा शांतपणे म्हणाले. "उद्याच दाखवू. पण जायचं ते आत्ता. बेटा, आज मला माहीत आहे मी कुठे चाललोय, कोणाच्या दारी उभा राहणार आहे, काय मागणार आहे. पुढच्या वर्षी तू मला उचलून जरी नेलंस, तरी मी तिथे पोहोचलो हे मला कळेल का?"

टूरवाल्यानं उगाचच टेबलावरचे कागद सारखे केले. मग मुलगा खुर्चीत बसला, खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरच्या लांबच्या हॉटेलाकडे बोट दाखवलं.

"ही बस कुठून सुटते? अगदी दारातून की कोपऱ्यापर्यंत चालायला लागतं?" "आणि दोघांना शेजारीशेजारी जागा मिळेल ना?"