पात कातडी कापत नाही

अमरसिंहानं पहिली लाथ दाराला घातली आणि दुसरी मला. लग्नात ज्याचे पाय मी ताटात धुतले, त्याच पायाची.

भर दुपार होती आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये मशीनवर बसलो होतो. एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालोय, पण नोकरीत असल्यापासून मला हा एकच नाद आहे. धरणाखालच्या गोट्यांतून, विहिरींच्या मुरमातून अकीक आणि दुधी ओपल असले रंगीत दगड वेचून आणायचे, कापायचे, लाखेनं काडीला चिकटवून घासायचे. वरून फुगीर, खालून सपाट, गुळगुळीत खडा होईपर्यंत घासायचे. विकायचा एकही नाही. आमच्या पाली गावात लोक मला गारगोटीवाला म्हणतात. म्हणोत बापडे.

माझी मुलगी योगिता आठ महिन्यांपूर्वी माहेरी आली ती कानाचा पडदा फाटलेला घेऊन. तिनं नवऱ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. अमरसिंहाचे वडील विजयसिंह म्हणजे केजकडचं बडं प्रस्थ. त्यांना आता निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि सुनेची तक्रार आडवी येत होती. म्हणून जावईबापू टाइप केलेला कागद घेऊन आले होते. तक्रार खोटी आहे, मी राजीखुशीनं नांदायला जाते, असं त्यात लिहिलेलं. फक्त सही राहिली होती.

मी खाली पडलो तशी योगिता पिठाच्या हातानं धावत आली.

"सही कर," अमरसिंह म्हणाला. "गाडी उभी हाय. पिशवी भर अन् चल."

"न्हाई करत. मरायला येऊ का परत?"

त्यानं तिला मारलं नाही. तक्रारीत आणखी एक जखम नको होती त्याला. तो बंकटकडे वळला. बंकट त्यांचा ड्रायव्हर, मान म्हशीसारखी.

"धर बे म्हाताऱ्याला."

बंकटनं मला बखोटीला धरून उचललं आणि मशीनवर वाकवलं. कापायची पात अजून फिरत होती, सहा इंची, सलग कडेची, हिऱ्याची भुकटी बसवलेली. वरून पाण्याची धार चालू. अमरसिंहानं माझं डावं मनगट धरून बोटं पातीसमोर नेली.

"मामा, लेकीला समजावा. न्हाईतर दगड कापता तशी बोटं कापीन एकेक."

एवढ्यात योगितानं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला काय आठवलं ते मला लगेच कळलं.

ती आठ वर्षांची असताना मी हे मशीन पहिल्यांदा चालू केलं होतं. ती भिऊन रडायला लागली, तेव्हा मी फिरत्या पातीला तळहात लावून दाखवला. काही झालं नाही, नुसत्या गुदगुल्या. "हिऱ्याची पात कडक तेच कापती," मी सांगितलं. "दगड कापती, कातडी कापत न्हाई." मग तिनंही बोट लावलं आणि खिदळली. पुढं पाव्हणे आले की हा आमचा बापलेकीचा खेळ असायचा.

अमरसिंहाला हे ठाऊक नव्हतं. सासुरवाडीत चहा प्यायलाही तो कधी धड बसला नाही.

पण तिलाही एक गोष्ट ठाऊक नव्हती. हलका हात लावला तर कातडी वाचते. जोर दिला की पात नखाला आणि हाडाला भिडते, आणि नख-हाड काही मऊ नसतं. एकदा माझं अंगठ्याचं नख असंच गेलं होतं. दारात सापडलं म्हणून मी तिला सांगितलं होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली, विचारत राहिली. मी मान हलवली, हो म्हणून.

"काप," योगिता म्हणाली.

अमरसिंह क्षणभर गोंधळला. असं उत्तर त्याला आयुष्यात कुणी दिलं नसेल. मग चिडला आणि त्यानं माझी बोटं पातीवर टेकवली.

काही झालं नाही. गार पाणी आणि गुदगुल्या.

"मालक," बंकट पुटपुटला, "कापंना की ओ."

योगिता हसली. तिनं हसायला नको होतं. अमरसिंहाचं तोंड काळंठिक्कर पडलं आणि त्यानं सगळं अंग माझ्या हातावर टाकलं. पातीचा आवाज बदलला. तो आवाज मी हजारदा ऐकलाय, कडक अकीक लागला की येतो तो. मी ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी ओरडलो. पातीखालच्या ट्रेमधलं राखाडी पाणी लाल झालं. तर्जनी गेली, मग मधलं बोट.

"सही करते! सोडा! सही करते!" योगिता किंचाळली.

"सही केलीस तर मी बाप न्हाई तुझा!" मी म्हणालो. कुठून बळ आलं देव जाणे.

मग तिनं कट्ट्यावरचा न कापलेला अकीक उचलला, चांगला तीन किलोचा, आणि दोन्ही हातांनी अमरसिंहाच्या तोंडावर घातला. जबडा मोडल्याचं मला ऐकू आलं. त्याचे दोन दात माझ्या बोटांशेजारी ट्रेमध्ये पडले. तो खाली कोसळला तरी ती घालतच होती, पाठीवर, खांद्यावर, हातावर. "बास, योगे!" मी ओरडलो तेव्हा कुठं थांबली. बंकट शेडच्या कोपऱ्यात उलट्या करत होता. कागद रक्तात भिजला होता.

दवाखान्यात शुद्धीवर आलो तर ती उशाशी बसलेली.

"तुमी म्हणालता कातडी कापत न्हाई."

"पात बदललती. बाजारातून खाचांची आणली, ती कातडीबी फाडती, अन् विसरलो."

तिनं माझी चादर सारखी केली. मला वाटलं, पटलं.

बाराव्या दिवशी घरी आलो. तक्रार कायम होती, वर आणखी दोन गुन्हे दाखल झाले होते, एक तिच्यावरही. अमरसिंह नळीनं पेज पीत होता. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

दुपारी शेडमधून मशीनचा आवाज आला. जाऊन बघतो तर योगिता पातीसमोर बसलेली. पात धुऊन लख्ख केलेली. तीच जुनी, सलग कडेची. तिनं अंगठा माझ्यापुढं धरला. नखाला मधोमध खाच पडली होती.

"तुमाला माहीत होतं."

"होतं."

"मंग मान काहून हलवली? मी काप म्हणाले, अण्णा. माझ्या तोंडानं म्हणाले!"

"तू सही केली असतीस."

"केली असती!"

"म्हणूनच हलवली."

तिनं माझ्या छातीत बुक्की घातली. मग दुसरी. लाथेपेक्षा लई लागलं ते. तिसऱ्या वेळी हात उचलला आणि तशीच माझ्या खांद्यावर डोकं टेकून हंबरडा फोडून रडली. पट्टी बांधलेला हात मी तिच्या पाठीवर ठेवला.

"मशीन बंद कर, योगे," मी म्हणालो. "पाणी वाया चाललंय."