दुपारचं बातमीपत्र

"बटण," संगणक म्हणाला. देओलिंदाने पुढची कळ दाबली. "बटण. बटण. चित्र. बटण."

"काय म्हणतोय तो?" मागे उभ्या असलेल्या फाउश्तुने विचारलं.

"एका कोटाला पुरतील इतकी बटणं आहेत म्हणतोय. कुठलं कशाचं, ते मात्र सांगत नाही."

फाउश्तु हा त्या छोट्या रेडिओ केंद्राचा प्रमुख. नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या मासेमारीच्या गावात, मासळीबाजाराच्या वरच्या मजल्यावर हे केंद्र होतं. बातम्या लिहायचा आणि निवेदकापर्यंत पोचवायचा नवा प्रोग्रॅम त्याने कालच बसवून घेतला होता. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. देओलिंदा आज सकाळी कामावर आली तेव्हा प्रोग्रॅमने तिच्यापुढे तोंडच उघडलं नाही.

देओलिंदा जन्मापासून आंधळी. दुपारच्या बातम्या तीच वाचायची, आणि गावाला तिच्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो लागला की बायका सूप वाढायला घ्यायच्या. पडद्यावरचा मजकूर स्क्रीन रीडर तिला बोलून दाखवायचा. पण माइकसमोर बसल्यावर ती त्याचा आवाज बंद करायची आणि बोटं ब्रेलपट्टीवर ठेवायची. कीबोर्डसमोर असलेल्या त्या अरुंद पट्टीवर मजकुराची टिंबं वर येत. एक ओळ वाचून झाली की अंगठ्याने कळ दाबायची, की जुनी टिंबं खाली बसून नवी वर यायची. कानात ध्वनितंत्रज्ञाच्या सूचना, बोटांखाली बातमी आणि तोंडात शब्द. तिन्ही कामं एकदम चालायची.

"आजचा दिवस वांदाला वाचू दे ना," फाउश्तु म्हणाला. वांदा बातम्या लिहायची. "उद्यापर्यंत काहीतरी करू."

"उद्यापण ही बटणं मुकीच असणार. मग तुम्ही म्हणाल, आठवडाभर वांदाला वाचू दे. मग नाताळपर्यंत."

"अगं, मी तुला काढतोय का?"

"तुम्ही नाही काढत. बटणं काढतायत. त्यांच्याशी मी बोलते. प्रोग्रॅमवाल्यांचा फोन नंबर द्या."

पलीकडून तेल्मो नावाचा तरुण बोलला. आवाजावरून झोप पुरती न झालेला, पण स्वभावाने सरळ वाटला.

"बाई, प्रत्येक बटणावर स्पष्ट चित्र आहे," तो म्हणाला. "फ्लॉपी, कात्री, बाण."

"असतील, छान असतील. पण चित्रामागे नाव लिहायला एक जागा असते. माझा स्क्रीन रीडर तीच वाचतो. तुम्ही ती रिकामी सोडलीय."

थोडा वेळ नुसती कीबोर्डची टकटक ऐकू आली. "खरंय," तो म्हणाला. "आजवर कुणी मागितलं नाही हो."

"मग आज मी मागते. आणि बारा वाजता मला बातम्या वाचायच्यात."

"आज? अख्ख्या प्रोग्रॅमचं?"

"अख्ख्याचं सावकाश करा. मला आज लागतील तेवढी बटणं आत्ता करू. मी सांगत जाते, तुम्ही लिहीत जा."

सगळी सकाळ त्यातच गेली. तेल्मो नाव घालायचा, देओलिंदा कळ दाबून पाहायची. एकदा 'उघडा' म्हणणाऱ्या बटणाने बातमी पुसूनच टाकली. तेल्मोने जीभ चावली, वांदाने ती पुन्हा लिहिली. देओलिंदाने आपला मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला होता, कारण तो सारखा वाजत होता आणि केंद्राच्या फोनवरचं तेल्मोचं बोलणं तुटत होतं.

ही जिद्द तिला कुठून आली, असं कुणी विचारलं असतं तर तिने बाल्ताझार मास्तरांचं नाव घेतलं असतं. पोर्तु शहरातल्या अंधशाळेतले ते ब्रेलचे शिक्षक, स्वतःही आंधळे. देओलिंदा चौदा वर्षांची असताना शाळेत पहिला बोलणारा संगणक आला, आणि तिने ब्रेल लिहायची टोचा-पाटी बाकाखाली सरकवून दिली. आता टिंबं कशाला टोचायची, यंत्र सगळं वाचून दाखवतंय की. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, "आईचं नाव लिही." तिने लिहिलं. मास्तरांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा 'स' चुकला. 'स'ची अक्षरं दोन; ऐकायला सारखी, लिहायला वेगळी. पोरी, यंत्र बोलू दे, तुझं काम हलकं होऊ दे. पण आईचं नाव तरी आपल्या हाताने वाचता यायला हवं." तिला तेव्हा तोंड वाकडं करावंसं वाटलं होतं. केलंही होतं, कारण मास्तरांना ते दिसणार नव्हतं. "आणि तोंड वाकडं करू नकोस," मास्तर म्हणाले होते. पुढे निवृत्त होऊन ते बायकोसह याच गावात राहायला आले, तेव्हा ती अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन बसायची.

बारा वाजायला आले तेव्हा शेवटचं बटण म्हणालं, "निवेदकाकडे पाठवा."

"ऐकलंत?" देओलिंदा फोनवर म्हणाली.

"ऐकलं," तेल्मो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली झोप पार गेली होती. "उरलेली या आठवड्यात करतो. पुन्हा चुकलो तर ओरडा."

"ओरडेन, त्याची काळजी नको."

फाउश्तुने स्टुडिओचं दार उघडून धरलं. "वांदाने निधनवार्ता आत्ताच टाकल्यात. एकदा नजरेखालून..." तो अडखळला.

"बोटांखालून," ती म्हणाली. "रोज घालते. आज वेळ नाही. थेटच वाचते."

सुरुवातीची धून वाजली. बंदराच्या तोंडाशी साचलेली वाळू, शाळेचं गळणारं छत, नगरपालिकेची बैठक. टिंबं वर येत होती, आवाज पुढे चालला होता. काहीच अडलं नाही. काचेपलीकडे फाउश्तु खुर्चीत मागे रेलला.

मग निधनवार्ता. डोळस निवेदकाची नजर आवाजाच्या पुढे धावते. पुढच्या ओळीत काय आहे ते त्याला आधीच कळतं. देओलिंदाच्या पट्टीवर चाळीस अक्षरं मावत. एकेचाळिसावं अक्षर काय आहे, ते कळ दाबेपर्यंत तिला ठाऊक नसायचं.

तिने एका कोळ्याचं नाव वाचलं, एका शिंपिणीचं वाचलं. पुढची ओळ आली: आज पहाटे इस्पितळात निधन, आंतोनियु. तिथे पट्टी संपली. या गावात आंतोनियु काय थोडे होते. तिने कळ दाबली.

बाल्ताझार द लेमुश.

बोट नावावर होतं आणि आवाज तिथे पोचत होता. मध्ये थांबायला जागाच नव्हती. "आंतोनियु बाल्ताझार द लेमुश," ती म्हणाली, "निवृत्त शिक्षक. त्यांच्यामागे पत्नी इदालिना आहेत. अंत्यविधी उद्या सकाळी." कोळ्याचं नाव जितक्या सावकाश घेतलं होतं तितक्याच सावकाश तिने हे घेतलं. खाली अजून दोन नावं होती. त्या घरांतही कुणीतरी रेडिओपाशी बसलं असणार. तिने तीही त्याच लयीत वाचली, मग वारा, लाटा, उद्याची भरती. धून वाजली आणि माइक बंद झाला.

तिने हेडफोन काढले, पण हात टेबलावरून उचलले नाहीत.

वांदा आत आली. "तुझे मास्तर ना गं ते? मला पूर्ण नाव माहीत नव्हतं. अंत्यविधीवाल्यांनी पाठवलं, मी टाइप केलं. आधी कळलं असतं तर..."

"बरोबर टाइप केलंस," देओलिंदा म्हणाली. "एक अक्षर चुकलं नाही." मग तिने चेहरा दोन्ही हातांनी झाकला, आणि वांदा तिच्या खुर्चीला टेकून उभी राहिली.

संध्याकाळी ती मास्तरांच्या घरी गेली. इदालिनाबाईंनीच दार उघडलं. शेजारणी येऊन गेल्या होत्या. घरभर कोबीच्या सूपाचा वास होता.

"सकाळपासून फोन लावत होते तुला," इदालिनाबाई म्हणाल्या.

"बंद ठेवला होता. माझंच चुकलं."

"नाही गं. इस्पितळातल्यांनी सांगितलं, पाद्रींनी सांगितलं, मला काही खरं वाटेना. तू रेडिओवर नाव घेतलंस, तेव्हा खाली बसले." त्यांनी तिचा हात धरून तिला आतल्या खोलीत नेलं. "आता हे एक कर. काल संध्याकाळी त्यांना भोवळ आली तेव्हापासून त्यांचा संगणक चालू आहे. मला काही बंद करता येत नाही."

देओलिंदा मास्तरांच्या खुर्चीत बसली. म्हातारपणी संगणक वापरायला तिनेच त्यांना शिकवलं होतं, आणि पट्टी घ्यायचा हट्ट त्यांचा होता. तिने पट्टीवर बोटं ठेवली. टिंबं वर होती, वाचता वाचता ते जिथे थांबले होते तिथलीच.

"काय वाचत होते?" इदालिनाबाईंनी विचारलं.

"मधमाश्या कशा पाळायच्या त्याचं पुस्तक."

"मधमाश्या?" इदालिनाबाई म्हणाल्या. "एक्याऐंशीव्या वर्षी? कुठे पाळणार होते, या गॅलरीत?"

देओलिंदाला हसू आलं. इदालिनाबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना श्वास घ्यायला थांबावं लागलं.

"बंद करू का?" देओलिंदाने विचारलं.

इदालिनाबाईंनी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली आणि तिच्याजवळ बसल्या. "धडा तरी संपव," त्या म्हणाल्या. "काय होतं पुढे?"

देओलिंदाने अंगठ्याने कळ दाबली आणि मोठ्याने वाचू लागली. हिवाळ्यात माश्या राणीभोवती गोळा होतात. बाहेरच्या आत येतात, आतल्या बाहेर जातात, आणि अशा आळीपाळीने त्या एकमेकींना ऊब देतात.