हात वर करायला आलेली माणसं

जुईलीच्या मते गावकऱ्यांचा एकच दोष होता: त्यांना माहिती नव्हती. म्हणून हिंजवडीच्या कंपनीतून सुट्टी काढून, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन ती मुळशीतल्या आपल्या गावच्या ग्रामसभेला आली. गायरान एका रिसॉर्टला पार्किंगसाठी द्यायचा ठराव येणार होता आणि तिला तो हाणून पाडायचा होता.

खरं तर देवळाचा मंडप तिच्याच बाजूने भरला होता. तिची चुलती तुळजाबाई हिने घरोघर फिरून बायका गोळा केल्या होत्या. गायरान गेलं तर जनावरं काय खातील, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. जुईलीने "करा हात वर" म्हणायचा अवकाश होता. पण मग एवढ्या अभ्यासाचं काय लोणचं घालायचं?

तिने इंग्रजांच्या मोजणीपासून सुरुवात केली. मग आलेख आले, गवताची शास्त्रीय नावं आली, परदेशातल्या कुठल्याशा कुरणाचा दाखला आला. जन्मभर गवत कापलेल्या बायका गवत म्हणजे काय ते ऐकत बसल्या. तुळजाबाईने दोनदा हाताने खूण केली, आवर आता. जुईलीला वाटलं, काकी दाद देतेय.

सरपंच विठ्ठलराव मात्र भारी गुणग्राहक. गायरान द्यायला तेच उतावीळ होते, पण ज्ञानापुढे त्यांना कसली घाई?

"सावकाश होऊ द्या, मॅडम. सगळं इस्कटून सांगा. आसं ग्यान रोज कुटं मिळतंय?" म्हणत त्यांनी चहाही मागवला.

ऊन कललं. म्हशींच्या धारा काढायची वेळ झाली, आणि डेअरी काही कुणासाठी थांबत नाही. पदर सावरत एकेक बाई उठली. शेवटी तुळजाबाईही गेली.

"आता थोडक्यात सारांश," म्हणून जुईलीने पडद्यावरून नजर काढली, तर समोर विठ्ठलरावांची माणसं तेवढी उरलेली. त्यांच्या गोठ्यांच्या कधीच भाड्याच्या खोल्या झाल्या होत्या, त्यामुळे त्यांना वेळच वेळ. त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि लगेच ठरावाच्या बाजूने हात वर केले. विरोधात एकट्या जुईलीचा हात.

ती वायरी गुंडाळत असताना तुळजाबाई डेअरीला दूध घालून रिकामी किटली घेऊन लगबगीने आली.

"झालं का गं बोलून? बाया येत्यात मागनं. हात कवा वर करायचा?"

जुईलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गायरान गेलं, काकी," ती म्हणाली. दिवसभरातलं तिचं हे पहिलं आटोपशीर भाषण.

तुळजाबाईने किटली खाली ठेवली.

"येवढं समदं तुला ठावं हाय," ती म्हणाली, "तर मंग सांग, उद्या म्हस कुटं सोडू?"