भिंतीतलं भोक

एलियाना ओयार्सो एका गिऱ्हाइकाच्या माळ्यावर रांगत छपराखाली लोकरीचे पट्टे कोंबत होती, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. कोयाइके या डोंगराळ, बर्फाळ गावातली जुनी लाकडी घरं थंडीत कुडकुडतात आणि त्यांच्या फटी बुजवणं हा एलियानाचा धंदा. हिवाळ्यात तिला पाठ टेकायला फुरसत नसते, त्यात बाहेर सकाळपासून बर्फ पडत होता.

फोन तिच्या बापाचा, आर्सेनिओचा होता. म्हातारा नदीपलीकडे एकटा राहायचा, सोबतीला फक्त तिसोन हा कुत्रा. त्याच्या घरात वारा असा शिरायचा की कॅलेंडर भिंतीवर नाचायचं. एलियानाची मुलगी आम्पारो छातीने नाजूक, त्यामुळे तिने आजोबांकडे रात्र कधी काढलीच नव्हती. म्हणून या हिवाळ्यात एलियानाने बापाचं घर हाती घेतलं होतं. भिंतींत लोकर भरली, दुहेरी काचांच्या खिडक्या लावल्या, ओढलं की आपोआप कुलूप लागणारं घट्ट दार बसवलं. फक्त लाकडं जाळायच्या लोखंडी शेगडीमागच्या भिंतीत, जमिनीलगत, तळहाताएवढं जाळीचं भोक ठेवलं, आगीला हवा मिळावी म्हणून. त्या भोकावरून बापलेकीची रोज जुंपायची.

"बोला बाबा."

"आज एकदम बेकरीची भट्टी झालीय घराची!" म्हातारा खुशीत होता. "कोट शिवलास मला, पण पाठीला भगदाड ठेवलंस. ते बुजवलं मी काल रात्री."

एलियानाच्या हातातला पट्टा तसाच राहिला. "काय बुजवलं?"

"तुझं भोक गं. रविवारी पोर झोपायला येणार, तिच्या छातीला वारा नको. आणि ओरडू नकोस, सकाळपासून डोकं जड झालंय माझं. तिसोनही नुसता लोळतोय, हाड टाकलं तरी उठला नाही. हवाच तशी आहे आज. शेगडी झोपवली, आता मीही पडतो जरा."

शेगडी झोपवणं ही तिथली घराघरातली रीत. जेवणं झाली की एक जाडजूड ओलसर ओंडका आत ढकलायचा, शेगडीची हवेची झडप लावून टाकायची आणि वामकुक्षी घ्यायची. ओंडका संध्याकाळपर्यंत धुमसत राहतो. आजे-पणजे तसंच करत आले आणि कोणी मेलं नाही, कारण घरंच चाळणी होती. या घराची चाळणी तिने स्वतःच्या हाताने बंद केली होती.

"बाबा, आत्ताच्या आत्ता बाहेर या! विषारी वायू साठलाय घरात, तो दिसत नाही की त्याला वास नाही. दार उघडा!"

"बर्फात? वेड लागलंय का तुला? संध्याकाळी बोलू." फोन बंद झाला.

तिने पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, तेच. ती शिडीवरून जवळजवळ कोसळतच खाली आली. गाडी काढून ती नदीकडे निघाली. पुलापुढचा चढ बर्फाने भरला होता. तिथे गाडी जागच्या जागी चाकं फिरवू लागली, तेव्हा तिला कळलं की आपण वेळेत पोहोचत नाही. आपणच बापाला डब्यात घालून झाकण लावलं, हे तिला राहून राहून डाचत होतं.

आता एकच माणूस जवळ होता, शेजारचा रोसामेल. त्याचं आणि बाबांचं कित्येक वर्षं बोलणं बंद. कारण काय, तर बाबांनी उसनी नेलेली आणि परत न केलेली कुऱ्हाड. तिने त्याचा नंबर फिरवला.

"रोसामेल काका, बाबा आत बेशुद्ध पडले असतील. पळा!"

"अगं, त्याचं दार तर उघडंच असतं..."

"आता नसतं! खिडकी फोडा."

"नवी कोरी आहे ना गं ती?"

"काका, फोडा म्हणते ना!"

फोनमधून त्याची धाप ऐकू येत होती, मग दगड आपटल्याचा आवाज. "फुटत नाही गं! कसली काच बसवलीस?" ती रडवेली झाली. या काचेचं कौतुक तिने गावभर केलं होतं. "लाकडाच्या खोपटात बघा, कुऱ्हाड असेल."

खोपटाचं दार करकरलं. "आहे," रोसामेल म्हणाला. "माझीच आहे, चोर लेकाचा!" पाठोपाठ घाव बसू लागले आणि काच खळकन फुटली.

शेवटी चाकांनी बर्फात पकड घेतली. ती पोहोचली तेव्हा आर्सेनिओ अंगणात मेंढीच्या कातड्यावर पडला होता, चेहरा लालबुंद. रोसामेल त्याच्या गालावर थापट्या मारत, शिव्या देत होता. शेजारी तिसोन अडखळत उभा राहू पाहत होता. म्हाताऱ्याला उलटी झाली आणि त्याने डोळे किलकिले केले. एलियाना गुडघ्यांवर बसून हमसून हमसून रडली.

"खिडकी... लावा रे कोणीतरी," तो पुटपुटला. "सगळी ऊब चालली."

"मर मेल्या, आर्सेनिओ," रोसामेल म्हणाला आणि स्वतःचा कोट काढून त्याच्या अंगावर घातला. रुग्णवाहिका बोलावलीय आणि ती निघालीय, हेही त्यानेच सांगितलं.

एलियाना श्वास रोखून आत धावली, झडप उघडली, दार सताड उघडलं. शेगडीशेजारी दोन गाद्या घातल्या होत्या, रविवारला अजून अवकाश असूनही. लहान गादीवर धुतलेलं पांघरूण घडी करून ठेवलं होतं. ती भोकापाशी वाकली. आत चिंधी कोंबली असेल असं तिला वाटलं होतं. पण तिथे तिच्याच कामातून उरलेली लोकर होती, मापात कापलेली, आणि चारही कडांना चिकटपट्टी अगदी तिच्यासारखीच, एक सुरकुती न पडू देता लावलेली. म्हातारा महिनाभर खुर्चीत बसून तिच्या कामाची थट्टा करत होता, आणि सगळं शिकत होता.

तिने पट्टी ओरबाडून काढली. गार वारा सळसळत आत आला.

बाहेर म्हाताऱ्याने तिचा हात धरला. त्याच्या बोटांत जोर नव्हता. "पोरीला आता आणणार नाहीस ना?"

"आणणार," ती म्हणाली. "तिला आतल्या गादीवर झोपवू. भोकाच्या बाजूला मी झोपेन."